पंप वाढवायचा का? आधी हवा बघा

होळी झाली की आमच्या लांजा-राजापूर पट्ट्यात गाडीमालकांच्या तोंडी एकच प्रश्न असतो, "गाडी उचलत नाही रे, पंप जरा वाढवून घेऊ काय?" पंप वाढवणं म्हणजे इंजिनाला डिझेल पुरवणारा पंप जास्त डिझेल सोडेल असा लावणं. आंब्याचा सीझन तोंडावर आलेला असतो. पेट्या वेळेत वाशीला पोचवायच्या असतात, नाहीतर चिरा भरून आंबा घाट किंवा अणुस्कुरा चढायचा असतो. मग कुणी स्वतःच पाना घेऊन बसतो, कुणी पंप-नोझलच्या लॅबकडे धावतो आणि नवीन गाडीवाले लॅपटॉपवाल्याचा नंबर शोधतात.

आमच्या दारात दोन्ही पिढ्यांच्या गाड्या आहेत. एक बाबांच्या वेळची, टाटाच्या ४९७ इंजिनाची (४ सिलिंडर आणि ९७ मिलिमीटरचा बोअर), आणि दुसरी बीएस-६, म्हणजे नव्या प्रदूषण-नियमांची. दोन्ही मी रोज बघतो, आणि माझं मत पक्कं आहे. हवेची बाजू मालकाने स्वतः सांभाळावी. डिझेलच्या बाजूला घरी पाना लावू नये.

जुन्या पंपाच्या डिझेल इंजिनात हवा अडवायची सोय नसते. इंजिन मिळेल तेवढी हवा ओढतं, आणि ताकद किती निघणार हे पंप किती डिझेल सोडतो त्यावर ठरतं. म्हणून फुल लोडचा स्क्रू फिरवला की गाडी पळते, हे खरंच आहे. पण हवा तेवढीच आणि डिझेल जास्त झालं की काही काळा धूर होऊन जातं आणि काही उशिरापर्यंत जळत राहतं. सपाटीला हे कळत नाही. साखरप्याच्या पुढे चढ लागला, भरलेल्या गाडीत पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून उठेनासा झाला की ती सगळी उष्णता पिस्टनच्या माथ्यावर, एक्झॉस्ट व्हॉल्व्हवर आणि टर्बोवर (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) येते. त्या स्क्रूला कंपनीचं सील असतं ते याचसाठी.

आणि गाडी उचलत नाही याचं कारण पुष्कळदा डिझेल नसतंच. आमच्याकडचा जांभ्याचा लाल धुरळा आठवा. चिऱ्याच्या खाणीत गाडी लोडिंगला लावली की पिठासारखी बारीक धूळ एअर फिल्टरच्या घड्यांत जाऊन बसते. फिल्टरचा इंडिकेटर लाल झालाय का, हे बघायला मिस्त्री लागत नाही. हवा मारायची तर आतून बाहेर, कमी दाबाने. बाहेरून मारली की धूळ कागदात आणखी घट्ट बसते. जोरात मारली की कागद फाटतो, आणि फाटलेल्या फिल्टरमधून गेलेली धूळ लायनर (सिलिंडरची आतली भिंत) खाते. कागदी फिल्टर धुवायचा तर अजिबात नाही. आतला छोटा सेफ्टी फिल्टर साफ करत बसू नये, तो बदलावा.

त्यानंतर टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतचे (दाबलेली हवा गार करणारी जाळी) होज बघा. क्लॅम्पपाशी तेलकट ओल आणि त्यावर धूळ चिकटलेली दिसली, तर तिथून हवा सुटते आहे. टर्बोने दाबलेली हवा वाटेतच गळत असेल तर पंप कितीही वाढवा, धूरच वाढणार. खाऱ्या हवेने क्लॅम्प गंजून सैल होतात, हे किनाऱ्याजवळच्या गाड्यांचं जुनं दुखणं आहे.

टॅपेट (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली फट) मात्र लावायला शिकून घ्यावेत, असं मी प्रत्येक तरुण ड्रायव्हरला सांगतो. मला बाबांनी शिकवले. इंजिन हळूहळू फिरवायचं आणि चार नंबरच्या सिलिंडरचे रॉकर बघायचे. एक्झॉस्ट मिटत आला आणि इनलेट उघडायला लागला, दोन्ही एकदम हलताना दिसले, की एक नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह मोकळे. मग एकचे टॅपेट लावायचे. एक आणि चारची जोडी, दोन आणि तीनची जोडी. फिलर गेजची (फट मोजायच्या पातळ पत्र्यांची) पट्टी मधे सरकवली की ती ओढताना किंचित अडली पाहिजे, लोण्यातून सुरी जाते तशी. चेकनट आवळला की पुन्हा बघायचं, कारण आवळताना स्क्रू फिरतो. गॅप किती, आणि इंजिन थंड असताना की गरम, हे पुस्तकात असेल तेच धरायचं. थोडा वाजणारा टॅपेट चालून जातो. घट्ट बसलेला आवाज करत नाही, पण घाटात व्हॉल्व्ह तापून लांब झाला की नीट मिटत नाही आणि सीट जळते.

आता लॅबचं काम. एकदा तिथे उभं राहून बघाच. पंप टेस्ट बेंचवर चढवतात, खाली काचेच्या नळ्या ओळीने लावलेल्या असतात. ठरलेले स्ट्रोक झाले की प्रत्येक नळीत किती डिझेल पडलं ते वाचतात. चारही नळ्यांची पातळी एका रेषेत आली पाहिजे. एक जरी खाली राहिली तर तो सिलिंडर मागे पडतो आणि बाकीचे तिघे त्याचं ओझं ओढतात. सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या नोझलचं तसंच. टेस्टरवर दांडा दाबला की चांगला नोझल धुक्यासारखा फवारा मारतो, खराब नोझल टोकाला थेंब सोडतो. हे घरी कशाने मोजणार? कानाने चार सिलिंडरमधला फरक ओळखणारे जुने मिस्त्री मी बघितलेत, त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण तेही पंप खोलून लॅबलाच पाठवतात.

लॅबला जाताना सगळे नोझल एकदम न्या, एकच बदलून आणू नका. आधीचं आणि नंतरचं रीडिंग लिहून मागा, आणि पंपाला सील मारून घ्या. "थोडा वाढवून देतो" म्हणाले तर नको म्हणा, कंपनीच्या आकड्यावरच बांधून द्या म्हणा.

बीएस-६ ची गोष्ट वेगळी. १ एप्रिल २०२० पासूनच्या या गाड्यांत कॉमन रेलचा, म्हणजे सगळ्या नोझलना डिझेल पुरवणाऱ्या नळीचा, दाब हजार बारच्या कितीतरी वर असतो. गळती शोधायला तिथे हात लावायचा नाही, बारीक फवारा कातडी भेदून आत जातो. या गाड्यांना घरी करण्यासारखं म्हणजे फिल्टर, होज, वॉटर सेपरेटरमधलं पाणी काढणं, आणि कनेक्टर कोरडे ठेवणं. आमच्या पावसात कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतात आणि सेन्सर खोटं रीडिंग द्यायला लागतो. पिकअप जाते, नि लोक टर्बो बदलायला निघतात.

लॅपटॉपवाले रिमॅप करून देतात, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलतात, काही जण डीईएफच (धूर स्वच्छ करायला वेगळ्या टाकीतून जाणारं युरियाचं द्रावण) बंद करून देतो म्हणतात. त्यांना गाडी देऊ नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अशा फेरफाराला बंदी आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक फेरफारामागे ५ हजार रुपये दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. खतातला युरिया पाण्यात ढवळून टाकीत ओतायचा उद्योगही तसाच घातक. डीईएफमध्ये ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि खनिजं काढलेलं पाणी असतं. आपल्या शेतीच्या युरियावर निंबोळी तेलाचा लेप असतो, तो थेट डीईएफ फवारणाऱ्या डोझरमध्ये आणि धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिस्टवर जाऊन बसतो, आणि ते बदलायचं बिल बघितलं की सीझनची कमाई गेलीच म्हणून समजा.

यंदा भाचा माझ्याबरोबर गाडीवर आहे. त्याला म्हटलंय, पंप लॅबमधून येईपर्यंत फिल्टरचा डबा पुसून घे, होजचे क्लॅम्प नवे टाक, आणि टॅपेट तूच लाव, मी फक्त बघणार.