ते गेले की घालवले, आणि परत का येऊ दिलं नाही

आमच्या सांगलीच्या ग्रुपवर पॅलेस्टाईनचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, 'अरब नेत्यांनीच रेडिओवरून सांगितलं होतं गावं सोडा म्हणून, स्वतःहून गेलेत ते, आता कसले निर्वासित'. मला ते ऐकवत नाही, म्हणून एकदा नीट लिहून काढतोय.

१९४८ म्हणलं की आमच्या भागातल्या जुन्या माणसांना जळीत आठवतं. गांधीजींच्या खुनानंतर सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात ब्राह्मणांची घरं पेटवली आणि कितीतरी कुटुंबं पुण्या-मुंबईला गेली. माझ्या आजोळी, कृष्णाकाठी, अशा एका वाड्याचं नुसतं जोतं उरलंय, त्यावर घाणेरी माजलीय आणि उंबऱ्याचा दगड एका बाजूनं अजून काळा आहे. गावात विचारा, 'ते व्हय, पोरांच्या शिक्षणासाठी गेले की, जमिनी विकून गेले'. विकल्या हे खरंच, पण कुठल्या रात्रीनंतर विकल्या ते कुणी काढत नाही. पॅलेस्टाईनशी बरोबरी करत नाहीय मी, तिथलं युद्ध, आकडे, कारणं सगळंच वेगळं. पण 'स्वतःहून गेले' असं कोण म्हणतंय ते आधी बघायचं, हे मी आजोळी शिकलो.

आता तिकडचं. नोव्हेंबर १९४७ ला युनोनं फाळणीचा ठराव केला, अरबांनी तो नाकारला, मारामाऱ्या सुरू झाल्या, आणि पुढच्या दीड वर्षात सात लाखांच्या आसपास पॅलेस्टिनी अरब घरादारातून गेले. रेडिओवरच्या आदेशाची गोष्ट १९६१ मध्येच एर्स्किन चाइल्डर्स या पत्रकारानं तपासली. बीबीसीनं त्या काळातल्या अरब प्रसारणांच्या नोंदी ठेवल्या होत्या, त्यात असा सरसकट आदेश त्याला सापडला नाही. वालिद खालिदी या पॅलेस्टिनी इतिहासकारानंही तेच मांडलं. मग इस्रायलचे जुने सरकारी कागद खुले झाले आणि १९८० च्या दशकात बेनी मॉरिस या इस्रायली इतिहासकारानं त्यातून गावागणिक हिशोब मांडला. तो काही एका साच्याचा नाही. हैफा या बंदराच्या शहरात एप्रिल १९४८ ला ज्यू महापौर शब्ताय लेवी अरबांना जाऊ नका म्हणून विनवत होता आणि तिथल्या अरब पुढाऱ्यांनीच शहर सोडायचं ठरवलं, हे खरं. पण त्याच दिवसात हगानाच्या, म्हणजे ज्यूंच्या सशस्त्र संघटनेच्या, तोफा बाजारावर चालत होत्या आणि देइर यासिन या अरब गावात ज्यू सशस्त्र गटांनी केलेल्या कत्तलीला दोन आठवडेसुद्धा झाले नव्हते, हेही खरंच ना.

लिद्दा आणि रामले या अरब शहरांत तर वादाला जागाच नाही. जुलैत पन्नास हजारांहून जास्त माणसं हाकलली, लिद्दातली उन्हात चालत, त्यातली कितीतरी वाटेत तहानेनं मेली, आणि लिद्दाच्या लेखी आदेशावर सही होती यित्झाक राबिन यांची, जे पुढं पंतप्रधान झाले. त्यांनी आत्मचरित्रात हे लिहिलं तर इस्रायलच्या सेन्सॉरनं तो भाग कापला, तो १९७९ ला अमेरिकन पेपरात छापून आला.

इतिहासकारांतही वाद आहेच. इलान पप्पे, नूर मसाल्हा म्हणतात हाकलणं हा आधीपासूनचाच बेत होता, एफ्राइम कार्श म्हणतात मॉरिसनं कागद वाकवले, आणि मॉरिस म्हणतो एकच मोठा बेत नव्हता, युद्धातून घडत गेलं. आपल्या पुस्तकाच्या २००४ च्या सुधारित आवृत्तीत त्यानं हाकलल्याचे जास्त पुरावे दिले आणि बायकापोरं हलवा अशा अरब सूचनांचेही जास्त दिले. तोच मॉरिस नंतर राजकारणात फार कडवा झाला, मला त्याची मतं अजिबात पटत नाहीत, पण त्यानं कागद लपवले नाहीत आणि म्हणून मी त्याला मानतो. अरब देशांतून लाखो ज्यूंना घर सोडावं लागलं तेही दुःखच आहे, पण ते लिद्दाच्या म्हातारीच्या खात्यावर का टाकायचं?

माझं म्हणणं असंय की आपण सगळे 'का गेले' वर भांडतो आणि खरा निर्णय बाजूलाच राहतो. १६ जून १९४८ ला इस्रायलच्या मंत्रिमंडळात सूर स्पष्ट होता की गेलेल्यांना परत येऊ द्यायचं नाही. डिसेंबरात युनोचा १९४ वा ठराव आला की शांततेनं राहू इच्छिणाऱ्यांना परतू द्या, तोवर कितीतरी गावं पाडून झाली होती, आणि १९५० च्या कायद्यानं 'गैरहजर' लोकांची जमीन सरकारनं घेतली. माणूस भीतीनं पळालेला असो, पुढाऱ्याचं ऐकून निघालेला असो की बंदुकीच्या टोकावर हाकललेला, दार सगळ्यांना बंदच.

आणि उत्तर इस्रायलच्या गॅलिली भागातलं इक्रित बघा. ख्रिश्चन अरबांचं गाव, नोव्हेंबर १९४८ ला सैन्यानं सांगितलं दोन आठवडे बाहेर राहा, ते राहिले, देशाच्या आतच, पुढं नागरिकही झाले. १९५१ ला सुप्रीम कोर्टानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला आणि त्याच वर्षी नाताळच्या आदल्या दिवशी सैन्यानं घरं उडवली. यांना कुणी रेडिओवरून काही सांगितलं नव्हतं, हे कुणाच्या फौजेला जाऊन मिळाले नव्हते, तरी त्यांच्या नातवंडांना आजही तिथं घर बांधून राहता येत नाही.