नेनीचा पायपोस

आषाढी हुकली म्हणून ही वारी धरली, असं म्हणणं खोटं. आषाढी दरवर्षीच हुकते. बुडापेस्टला येऊन सहा वर्षं झाली. ऑफिसातल्या एकीनं विचारलं, सेंतकूतच्या तीर्थाला पायी येतेस का, आणि मी हो म्हणून बसले. आई फोनवर म्हणाली, "अगं, तिथे कसली वारी? मुखी काय घेणार?" म्हटलं, आपलंच.

वाट्सहून निघालो आणि १५ ऑगस्टला, मारियाच्या सणाला, पोचायचं होतं, एवढं पक्कं आठवतं. मधले दिवस एकमेकांत मिसळलेत. माना टाकलेली सूर्यफुलं, पुढे क्रूस, एक बाई ओळ सांगणार आणि बाकीचे उचलणार. चाली ओळखीच्या वाटायला लागल्या तेव्हा समजले, ऊन लागलंय.

होल्लोक्यो आलं आणि गेलं. पांढऱ्या भिंतींची, लाकडी ओसरीची घरं, १९०९च्या आगीनंतर जुन्याच पद्धतीनं उभारलेली. १९८७पासून जागतिक वारसा. वर किल्ला. लोक फोटो काढत होते, मी बूट काढून पाय बघत होते.

फोड फुटला तो दुसऱ्या दिवशी, पुढच्या एका गावात. एकच रस्ता, दोन्हीकडे अक्रोड, विजेच्या खांबावर करकोच्याचं घरटं. आमचा म्होरक्या म्हणाला होता, मागून गाडी येते, थकलेल्यांना घेईल. गाडी आली नाही. दिंडी गाणं म्हणत वळणाआड गेली आणि मी कोपऱ्यावरच्या निळ्या हातपंपापाशी बसून राहिले. इतकी चिडले होते की विठ्ठलाचंही नाव घेतलं नाही. देवळात बाराची घंटा वाजली. १४५६ साली हंगेरीच्या हुन्यादी सेनापतीनं बेलग्रेडला तुर्कांना अडवलं, त्याची ही आठवण, असं सांगतात. मला सावली हवी होती.

समोरचं फाटक उघडलं. काळा झगा, काळा रुमाल बांधलेली म्हातारी. "दिचेर्तेशेक!" येशूची स्तुती असो. याचं उत्तर तोवर पाठ झालं होतं: "मिंदेरेके आमेन." तिनं माझ्या टाचेकडे पाहिलं, आत गेली आणि घमेलंभर गार पाणी घेऊन आली. ओसरीवर बसवलं. थोडी पालिंका, म्हणजे इथली फळांची दारू, टाचेवर ओतली, मी ओरडले, तर उरलेली माझ्या हातात दिली. मग पाव आला, त्यावर डुकराची चरबी, कांदा, तिखट लाल पूड. मी शाकाहारी. माझ्या तोडक्यामोडक्या हंगेरियनमध्ये ते सांगायचा प्रयत्न केला. तिला वाटलं, मी आजारी आहे. शेवटी वरचा कांदा तेवढा खाल्ला, पाव कुत्र्याला. तिनं बघितलं. काही बोलली नाही.

मग स्वतःच्या पायातल्या रबरी सपाता काढून माझ्यापुढे सरकवल्या. "पापुच," ती म्हणाली.

मी दोनदा म्हणवून घेतलं. पापुच. पायपोस! फारसी शब्द, तुर्कांनी इकडे आणून टाकलेला, आमच्याकडे दुसऱ्या वाटेनं आलेला. आमच्या घरी आजी तो फक्त म्हणीत वापरायची, कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही म्हणून. हसू आलं आणि मग थांबेना, आणि कधी रडायला लागले कळलं नाही. नेनी (म्हाताऱ्या बाईला इथे असंच म्हणतात) शांतपणे माझ्या बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधत होती. त्या माझ्या गळ्यात अडकवल्या. वर एक रिकामी प्लास्टिकची बाटली दिली: सेंतकूतचं पाणी.

बाकीची वाट बूट गळ्यात, पायात तिचा पायपोस. आता मुखी नामही आलं.

सेंतकूत म्हणजे पवित्र झरा. लास्लो राजाच्या घोड्यानं उडी मारली तिथे पाणी फुटलं म्हणतात. वर कड्यात संन्याशांच्या गुहा, त्या मी पाहिल्या नाहीत, पाय नव्हते. नळापाशी पुढच्या गृहस्थानं पाच-पाच लिटरचे कॅन लावले होते. मी शुद्ध मराठीत काय म्हणायचं ते म्हणून घेतलं.

सोमवारी बसनं परत त्या गावी गेले. नेनीनं बाटली घेऊन खिडकीत ठेवली, फारसं न बघता. सपाता मात्र हातात घेतल्या, उलट्या केल्या आणि पायरीवर दणादणा आपटून माझा चिखल झाडला.