दोनशे दहा युरोंची खोली आणि सात बॅगा

स्पेनमधल्या कादिझच्या कार्निव्हलला जाणार असाल तर पहिला शनिवार टाळा. सल्ला म्हणून नाही सांगत, अजून राग गेला नाहीये म्हणून सांगतेय. सेव्हियाहून कादिझला रेल्वेनं पावणेदोन तासांच्या आत-बाहेर लागतात. तो सगळा वेळ मी एक मधमाशी आणि दोन पोप यांच्यामध्ये उभी होते, आणि त्यातला एक पोप सान फर्नांदो येण्याआधीच डब्यात आडवा झाला होता. माझी मावसबहीण सेव्हियात नोकरी करते. तिचं म्हणणं, "ताई, एकदा शनिवारची रात्र बघच." बघितली. अख्ख्या अंदालुसियातली कॉलेजची पोरं प्लास्टिकच्या पिशव्यांत बाटल्या आणि बर्फ घेऊन उतरली होती. कादिझचं जुनं शहर अटलांटिकमध्ये घुसलेल्या जमिनीच्या टोकावर आहे, तिन्ही बाजूंना पाणी, त्यामुळे गर्दीला पसरायला जागाच नाही. चपला रस्त्याला चिकटत होत्या, कोपऱ्याकोपऱ्यावर मुतारीचा वास, आणि ज्या गाण्यांसाठी हा कार्निव्हल प्रसिद्ध आहे त्यातलं एकही कानावर पडलं नाही. नंतर कळलं की गावातली माणसं त्या रात्री दारं लावून घरातच बसतात. हे आधी कोणी का सांगत नाही?

रिओसारखं काही डोक्यात असेल तर तेही काढून टाका. पिसं, चमक, कंबर हलवणं इथं जवळजवळ नाही. हा तोंडाचा कार्निव्हल आहे. वर्षभर गावात, देशात जे काही झालं, महापौर, राजघराणं, फुटबॉल, घरभाडं, शेजारणीचा घटस्फोट, त्यावर गाणी रचायची आणि वेष करून ती लोकांसमोर म्हणायची. अधिकृत स्पर्धा तेआत्रो फाया या लाल विटांच्या थिएटरात जवळपास महिनाभर चालते. थिएटरला नाव दिलंय मानुएल दे फाया या संगीतकाराचं. तो 1876 मध्ये इथेच जन्मला आणि इथल्या कॅथेड्रलच्या तळघरात त्याला पुरलंय. स्पर्धेत चार प्रकार असतात. 'कोरो' म्हणजे मोठा ताफा, सोबत गिटार आणि बांदुरिया हे छोटं तंतुवाद्य. 'कोंपार्सा' जरा गंभीर, सुरेल, कधीकधी रडवणारी. 'चिरिगोता' म्हणजे निव्वळ टवाळी. आणि 'क्वार्तेतो', ज्यात नाव चौघांचं असलं तरी कधी तिघे असतात, कधी पाच; ते यमक जुळवत नाटुकली करतात. शुक्रवारी सुरू झालेली अंतिम फेरी दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत चालते आणि लोक ती टीव्हीसमोर जागून बघतात. तिकिटं मिळणं आपल्यासारख्यांच्या आवाक्यातलं नाही.

रविवारी सकाळी मात्र गाव धुऊन पुसून पुन्हा उभं होतं. मंडईभोवती ट्रॅक्टरला जोडलेल्या सजवलेल्या ट्रॉल्या गोल फिरत होत्या, प्रत्येकीवर एकेक कोरो. ट्रॉली दहा पावलं जाते, थांबते, गाणं होतं, पुन्हा दहा पावलं. खाली लोक कागदाच्या पुडीतून तळलेले मासे खात उभे. इवल्याशा कोळंबीच्या तोर्तियिता मी तीनदा मागवल्या. चण्याचं पीठ, गव्हाचं पीठ, कांदा, आणि अख्ख्या सालीसकट इवलीशी कोळंबी. आईच्या जवळ्याच्या भज्यांची बहीणच, फक्त पातळ आणि कुरकुरीत. दुपारची मिरवणूक लांबलचक होती आणि मला कंटाळा आला. रात्री बहीण सेव्हियाला परत गेली, तिला सोमवारी ऑफिस होतं. कादिझला मात्र कार्निव्हलच्या सोमवारी सुट्टी असते.

ज्यासाठी लिहायला बसले, ते त्या सोमवारचं आहे.

ला विन्या ही जुनी कोळ्यांची वस्ती, ला कालेता नावाच्या छोट्या किनाऱ्याला लागून. तिच्या मुख्य गल्लीचं नाव पाल्मा. 1755 च्या लिस्बन भूकंपानंतर समुद्र या गल्लीत घुसला, चर्चमधून पाल्माच्या मेरीचं निशाण बाहेर आणलं आणि पाणी तिथेच थांबलं, असं इथे सांगतात. भिंतीवर तशी पाटीही आहे. माझी खोली याच भागात, तिसऱ्या मजल्यावर. दोनशे दहा युरो रात्रीचे, आणि कार्निव्हलमध्ये तीन रात्रींपेक्षा कमी मिळणार नाही अशी अट. मालक दिसला नाही. दाराच्या गजाला आकड्यांच्या कुलपाची डबी लावलेली, तिच्यात किल्ली.

दुपारी खाली उतरले तर दाराशीच गर्दी. सोमवार असतो रस्त्यावरच्या टोळ्यांचा, ज्यांना इथे 'बेकायदेशीर' म्हणतात. कायद्याचा काही संबंध नाही, स्पर्धेत नाव घातलेलं नसतं एवढंच. कुटुंबं, मित्रमंडळी, एखाद्या ऑफिसातल्या बाया मिळून वर्षभर गाणी रचतात आणि पायऱ्यांवर, कोपऱ्यावर उभं राहून म्हणतात. माईक नाही, मंच नाही. एक मोठा ढोल, एक छोटा, एक गिटार, आणि वेताच्या नळीची पिपाणी, जिच्यात हुंकारलं की नाकातल्यासारखा आवाज येतो. दोन कोपऱ्यांपलीकडे एक बुवा मोठ्या फळ्यावरच्या चित्रांवर काठी ठेवत एकटाच यमकात गोष्ट सांगत होता. पिंगुळीच्या चित्रकथ्यांना हा माणूस दाखवायला हवा, असं मनात आलं.

माझ्या दाराशी उभे होते सात पुरुष, सगळे पन्नाशीच्या पुढचे, आणि सातही जण चाकांच्या बॅगा झालेले. पुठ्ठ्याची चौकोनी अंगं, पायांना चाकं, डोक्यावर वर-खाली होणारा दांडा, छातीवर विमानतळाची पट्टी. गाणं सुरू झालं आणि गल्ली हसून लोळायला लागली. मला अर्थातच काही कळेना. पुण्यात स्पॅनिशचा क्लास केलाय, पण कादिझची माणसं अर्धी अक्षरं गिळतात. मी आपली बाकीच्यांकडे बघून अर्ध्या सेकंदानं हसत होते.

शेजारी एक आजी उभी होती. डोक्याला कागदी फूल, गालावर लाल टिपके, हातात शेरीचा ग्लास. तिनं मला कोपरानं ढोसलं आणि विचारलं, "कळतंय का?" मी नकारार्थी मान हलवली. मग तिनं दर दोन ओळींनी शाळेतल्या बाईसारखं सावकाश सांगायला सुरुवात केली. एक माणूस संध्याकाळी कामावरून घरी येतो. दाराला कुलपाची डबी. आकडा त्याला माहीत नाही. वरच्या खिडकीतून जर्मन माणूस विचारतो, तुमचं बुकिंग आहे का? हा म्हणतो, अहो, मी इथे जन्मलो. जर्मन म्हणतो, छान, जन्माला आलात त्या खोलीचे जास्तीचे पैसे पडतील. हा विचारतो, आणि बाल्कनीतली माझी बायको? जर्मन म्हणतो, ती नाश्त्यात धरलेली आहे. शेवटच्या ओळीला सातही बॅगा एकदम चाकं खडखडवत दगडी रस्त्यावरून गोल फिरायच्या.

मी मनापासून हसले, या वेळी अगदी वेळेवर. तेव्हा आजीनं विचारलं, "आणि तू कुठे उतरलीस?"

मी काही बोलले नाही. नजर मात्र वर गेली, तिसऱ्या मजल्यावर. आजीनं वर बघितलं, मग दाराच्या गजावरची डबी बघितली, आणि मग अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "अरे पोरांनो! ही बघा, ही वरच राहते!"

पुढची काही मिनिटं पृथ्वीनं पोटात घ्यावं असं वाटत होतं. सात बॅगांनी मला घेरलं. गिटारवाल्यानं सूर धरला आणि कडवं पुन्हा सुरू झालं, फक्त जर्मन माणसाच्या जागी आता 'निळ्या ओढणीवाली बाई'. ओढणी निळी होती. मधल्या जाड्या बॅगेनं थांबवून विचारलं, रात्रीचे किती? मी खरा आकडा सांगितला. गल्लीभर "हाऽऽ!" झालं, आजीनं छातीवर क्रूस काढला आणि ढोलवाल्यानं दोनदा ढोल बडवला. जाडी बॅग म्हणाली, "बाई, एवढ्यात आम्ही सातही जण तुझ्याकडे राहायला येतो." मग कोणीतरी माझ्या हातात ग्लास दिला.

तमाशातल्या मावशीनं पुढच्या रांगेतल्या पाटलाला भर मांडवात धुतलं की पाटील आतून सुखावतो म्हणे. मी पाटील नाही, पण ते सुख म्हणजे काय ते थोडं कळलं. शनिवारच्या रात्री मी नुसती गर्दीतला एक ठोकळा होते. सोमवारी निदान माझ्यावर गाणं झालं.

नंतर आजी मला कोपऱ्यावरच्या बारमध्ये घेऊन गेली. पैसे तिनं दिले आणि वाद घालू दिला नाही. तिची लेक याच गल्लीत वाढली, आता खाडीपलीकडे पुएर्तो रिआलला राहते. इथली भाडी परवडत नाहीत. कार्निव्हलला येते आणि आईच्या सोफ्यावर झोपते. "त्या बॅगांमधला तिसरा आहे ना, तोही आता इथे राहत नाही," आजी म्हणाली. "गाणं इथलं, माणूस आगगाडीनं येतो." हे सांगताना ती हसत होती, मला मात्र ग्लास टेबलावर ठेवावा लागला.

तिच्या तरुणपणी हा कार्निव्हल कार्निव्हल नव्हताच. यादवी युद्धात, पुढे हुकूमशहा झालेल्या फ्रँकोच्या बाजूनं 1937 मध्ये बंदी घातली. लोक घरात, दारूच्या गुत्त्यात, टेबलावर बोटांच्या सांध्यांनी ताल धरून हळू आवाजात गायचे. ऑगस्ट 1947 मध्ये नौदलाच्या सुरुंगांच्या कोठाराचा स्फोट झाला, शहराचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला, आणि लोकांना जरा बरं वाटावं म्हणून पुढच्या वर्षी गव्हर्नरनं ताफ्यांना रस्त्यावर येऊ दिलं. पण 'कार्निव्हल' म्हणायचं नाही, आणि गाणी आधी सेन्सॉरकडे द्यायची. पुढे पुढे तर तो उत्सव मे महिन्यात ढकलला. "मेमध्ये!" आजी म्हणाली, आणि टेबलावर सांध्यांनी एक ताल वाजवून दाखवला. फ्रँको गेल्यावर, 1977 साली, कार्निव्हल नावासकट फेब्रुवारीत परत आला. त्या वर्षी ती रस्त्यावर होती. काय घातलं होतं, विचारलं. म्हणाली, नवऱ्याची पँट.

बाहेर अंधार पडला होता, आणि सगळ्या बाजूंनी पिपाण्या चालूच होत्या. मी म्हटलं, बुधवारपासून उपवास सुरू, म्हणजे उद्या संपणार हे सगळं. आजीला माझी कीव आली असावी. चाळीस दिवसांचे उपवास बाकीच्या ख्रिस्ती जगासाठी. इथे राखेचा बुधवार उजाडला तरी गाणी चालू असतात, पुढच्या रविवारी चेटकिणीचा पुतळा जाळेपर्यंत. आणि त्याच्याही पुढच्या रविवारी, ज्यांचं अजून पोट भरलेलं नसतं ते पुन्हा जमतात, बाकीच्यांचं डोकं उठेपर्यंत.

"तोपर्यंत थांब," ती म्हणाली.

मी म्हटलं, आजी, मंगळवारी निघायचंय, ऑफिस आहे, रजा नाही, साहेब ऐकणार नाही.

"साहेबावर एक आहे," ती उठत म्हणाली आणि माझी बाही धरून ओढली. "पोस्टाच्या पायऱ्यांवर म्हणतायत. चल लवकर, नाहीतर मागे उभं राहावं लागेल."