वरून विणलेलं कार्डिगन धुतल्यावर लांबतं तेव्हा

काकूंनी कार्डिगन अंगात घातलं, पण नेमकं काय बिघडलंय हे विणकामाच्या वर्गात कुणालाच पटकन सांगता येईना. मागचा घेर, म्हणजे खालची कड, ठरल्यापेक्षा चांगला चार बोटं खाली उतरलेला, बाह्यांनी तळहात झाकलेले आणि मुंढा काखेतून सुटून खाली आलेला. समोर मात्र बटणपट्टी आखडलेली आणि घेराची दोन्ही टोकं वर उचललेली. एकच कपडा मागून मोठा आणि पुढून लहान. विणताना वेळोवेळी अंगावर घालून पाहिलेला, तेव्हा व्यवस्थित बसणारा. बिघडला तो पहिल्या धुण्यानंतर.

काकू जानेवारीत मुलीकडे कॅनडात कॅल्गरीला जाणार होत्या, म्हणून उबदार, पूर्ण बाह्यांचं, गळ्यापासून खाली विणत नेलेलं रॅगलन कार्डिगन, म्हणजे बाह्यांच्या तिरक्या रेघा गळ्यापासून काखेपर्यंत येतात ते. लोकर मेरिनोची, ८ प्लायच्या जाडीची, मशीनमध्ये धुता येणारी म्हणजे 'सुपरवॉश'. सुई ४ मिमी, आपल्या जुन्या हिशोबात ८ नंबर. तयार कपड्याचं वजन साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास. "ताई, नमुना विणून मोजला होता हो," काकू सांगत होत्या. नमुना म्हणजे माप घेण्यासाठी आधी विणलेला छोटा चौकोन. नमुना त्यांनी जपून ठेवलाही होता. त्याच नमुन्याने उत्तर दिलं.

कार्डिगन टेबलावर सपाट पसरलं, पाठीवर १० सेंटिमीटर अंतरावर दोन टाचण्या आडव्या लावल्या आणि मधल्या ओळी मोजल्या. २७ भरल्या. काकूंच्या नमुन्यावर तेवढ्याच उंचीत ३० होत्या. रुंदीत दोन्हीकडे २० टाके, फरक नाही म्हटलं तरी चालेल. नमुना विणला होता, मोजला होता, पण धुतला नव्हता.

दहा सेंटिमीटरमागे तीन ओळी ऐकायला किरकोळ वाटतात. आता हिशोब बघा. वरचा भाग, म्हणजे गळ्यापासून काखेपर्यंत, ६० ओळींचा. तो २० सेंटिमीटर व्हायचा तिथे २२ च्या थोडा वर गेला. काखेखालचं अंग १०५ ओळींचं, ३५ चं जवळजवळ ३९ झालं. बाही १२९ ओळींची, ४३ ची पावणेअठ्ठेचाळीसच्या पुढे गेली. वरचे दोन आणि खालचे चार मिळून घेर सहा सेंटिमीटर खाली आला आणि मनगट सातेक सेंटिमीटर पुढे गेलं.

बटणपट्टी याच हिशोबात अडकली होती. पुढच्या कडेने पट्टीसाठी टाके उचलताना काकूंनी दर ३ ओळींना २ टाके उचलले होते. ३० ओळी आणि २० टाके या मापाला ते अगदी बरोबर. पण पट्टीची वीण आडवी असते, त्यामुळे पट्टीची लांबी टाक्यांवर ठरते आणि कडेची लांबी ओळींवर. टाके जागच्या जागी राहिले, ओळी ताणल्या गेल्या. दर १० सेंटिमीटर कडेला पट्टी ९ सेंटिमीटरच पुरत होती. म्हणून समोर घेर वर ओढला गेला. कार्डिगनच्या पुढच्या कडा उचललेल्या दिसल्या की माणसं पट्टी घट्ट विणली म्हणतात. आधी धुतल्यानंतरच्या ओळी मोजाव्यात.

असं का होतं, हे लोकरीत आहे. साध्या लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात, ते एकमेकांत अडकतात आणि टाक्याला जागेवर धरतात. त्याच खवल्यांमुळे ती गरम पाण्यात घासली की आटते, घट्ट होते. सुपरवॉश करताना सहसा क्लोरिनची प्रक्रिया करून खवले बोथट करतात आणि वर रेझिनचा अगदी पातळ लेप देतात. लोकर आटत नाही, पण तंतू एकमेकांवरून घसरतात. ओल्या कपड्याचं वजन त्यावर आलं की धागा सैल होतो आणि टाका उभा ताणला जातो. काकूंनी धुऊन दोरीवर खांद्याने टांगलं होतं. आडवं वाळवलं असतं तरी थोडं वाढलंच असतं, एवढं मात्र नाही.

वर्गात उपाय सुचू लागले. गरम पाण्यात घालून आटवा, हा पहिला. सुपरवॉश आटत नाही, तो प्रश्नच मिटला. गरम ड्रायरमध्ये काही मिनिटं फिरवलं तर अशी वीण बऱ्यापैकी आवळते, पण पुढच्या धुण्यात परत सैल होते. दर वेळी ड्रायर लागणार. शिलाई मशीनवर टीप मारून खालचा भाग कापा, असंही कुणी म्हणालं. हाताच्या विणीला कात्री लावायची वेळ तिथेच येते जिथे दुसरा मार्ग नसतो, आणि इथे मार्ग होता. वरून खाली विणलेल्या कपड्याचं हेच मोठं सुख. वीण शेवटच्या टोकाकडून सरळ उसवते, सुरुवातीच्या टोकाकडून नीट उसवत नाही. खालून वर विणलेल्या स्वेटरचा घेर वर घ्यायचा तर सुरुवातीच्या बाजूने एक ओळ तोडून टाके सुईवर घ्यावे लागतात. इथे घेर आणि मनगट ही दोन्ही शेवटची टोकं.

पण नुसता घेर आणि बाह्या उसवून काम भागणार नव्हतं. मुंढा दोन सेंटिमीटर खाली होता. काख खाली असली की हात वर केला तर सगळं कार्डिगन वर चढतं, आणि वरून जाड जाकीट घालायचं म्हटलं की काखेत गोळा होतो. कॅल्गरीत रोज जाकीट घालायचं आहे. तेव्हा काखेच्या वरपर्यंत उसवणं भाग होतं. काकूंचा चेहरा उतरला, पण त्या बसल्या वही घेऊन.

त्यांच्या वहीतले आकडे असे होते. गळ्याला ५८ टाके: पाठ ३४, बाह्या १०-१०, पुढचे भाग २-२. रॅगलनच्या चार रेघांच्या दोन्ही बाजूंना एकेक, म्हणजे एका आड एक ओळीत ८ टाके वाढ, अशा ३० वाढी. गळ्याच्या गोलाईसाठी दोन्ही पुढच्या भागांत १२-१२ वेगळे. काखेपाशी पाठ ९४, बाह्या ७०-७०, पुढचे भाग ४४-४४, एकूण ३२२. तिथे बाह्यांचे टाके दोऱ्यावर काढून ठेवले आणि प्रत्येक काखेत ८ नवे टाके घातले. अंग १९८ टाक्यांचं, बाही ७८ ची.

६० ओळींतल्या ६ कमी केल्या तर ५४ उरतात, आणि २७ च्या मापाने त्या बरोबर २० सेंटिमीटर. सहा ओळी म्हणजे तीन वाढी. पाठ ८८ वर येते, बाही ६४ वर, पुढचा भाग ४१ वर. अंगातून १२ टाके गेले, प्रत्येक बाहीतून ६. आता काखेत ८ ऐवजी १४ टाके घाला: दोन काखांचे मिळून अंगाला १२ परत मिळाले, बाहीला ६ परत मिळाले. अंग पुन्हा १९८, बाही पुन्हा ७८. छातीचा घेर आणि दंडाचा घेर एका टाक्यानेही बदलला नाही, फक्त मुंढा वर आला. हा हिशोब कागदावर जुळला तेव्हा काकूंनी तो वर्गातल्या सगळ्यांना वाचून दाखवला. वरून विणायच्या पद्धतीत काखेचे टाके हीच जुळवाजुळवीची जागा असते. फक्त ते फार वाढवू नयेत. काखेत ९-१० सेंटिमीटरच्या पुढे गेलं की तिथे कापडाची घडी पडते. १४ म्हणजे ७ सेंटिमीटर, चालतं.

उसवण्याचा क्रम महत्त्वाचा. आधी बटणं, मग दोन्ही पट्ट्या, मग बाह्या, शेवटी अंग. बाहीचे टाके काखेतल्या टाक्यांवरून उचललेले असतात, म्हणून बाही न उसवता अंग काखेपर्यंत आणलं तर तिथे धागा अडकतो आणि माणूस ओढतं. उसवायला घेण्याआधी ५४ व्या ओळीत, म्हणजे सत्ताविसाव्या वाढीनंतरच्या साध्या उलट ओळीत, बोथट सुईने वेगळ्या रंगाचा गुळगुळीत सुती दोरा ओवून घेतला, प्रत्येक टाक्याच्या उजव्या पायातून, म्हणजे फासाच्या उजव्या बाजूच्या धाग्याखालून. २९८ टाके. ओवताना एखादा सुटला तर तो नंतर खाली निसटत जातो, म्हणून भागवार मोजायचे: ४१, ६४, ८८, ६४, ४१. पाठीत ८७ आले होते. रॅगलनच्या रेघेपाशी वाढवलेला टाका शेजारच्याखाली दबलेला असतो, तो राहिला होता. मग उसवायला सुरुवात. दोऱ्यापाशी वीण आपोआप थांबली.

उसवलेली लोकर कुरळी असते. तशीच विणली तर टाके लहानमोठे पडतात. खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लडी केल्या, चार ठिकाणी सैल बांधल्या, कोमट पाण्यात वीस मिनिटं ठेवून टॉवेलमध्ये दाबून वाळवल्या. त्याच लोकरीचा नवा नमुना, १५ सेंटिमीटरचा चौकोन, विणून धुतला, आडवा वाळवला आणि मग रात्रभर खाली कपड्यांचे चिमटे लावून टांगला. पुन्हा २७. लोकर एकदा धुतलेली आहे म्हणून नवी वीण लांबणार नाही, असं धरून चालू नये.

पुढचं विणकाम काकूंनीच केलं, पण टेप बाजूला ठेवून. विणताना कपडा अजून ३० च्याच मापात असतो, त्यामुळे टेप तेव्हा चुकीचं सांगते. ओळी मोजायच्या. अंग ९४ ओळी, त्यातल्या शेवटच्या १६ एक सुलट एक उलट बॉर्डरच्या. बाही ११६ ओळी, मनगटाच्या १६ धरून. ७८ वरून ४२ वर यायचं म्हणजे १८ वेळा दोन-दोन टाके कमी. पूर्वी ते दर ६ ओळींनी होते, आता दर ५ ओळींनी. काखेत बाहीचे १४ टाके उचलताना दोन्ही कोपऱ्यांत एकेक जास्त उचलायचा आणि पुढच्या ओळीत शेजारच्याबरोबर एकत्र विणायचा, नाहीतर तिथे भोक राहतं.

पट्टीला या वेळी दर ४ ओळींना ३ टाके. कड १३२ ओळींची, टाके ९९. १० नंबरच्या म्हणजे ३.२५ मिमी सुईवर ९ ओळी, पाचवीत काजं. सात काजं, प्रत्येकी दोन टाके बंद करून. खाली ४ टाके, मध्ये १३-१३, वर ३.

एक गोष्ट आम्ही नव्याने घातली. रॅगलनला खांद्यावर शिवण नसते, त्यामुळे सगळं वजन गळ्याच्या मागच्या कडेवर येतं. पाठीच्या ३४ टाक्यांच्या रेषेवर आतल्या बाजूने क्रोशाने स्लिप स्टिचची, म्हणजे साध्या सरक टाक्यांची, एक घट्ट ओळ घातली, १७ सेंटिमीटरवर पक्की केलेली. एवढं जड कार्डिगन असेल तर हे करावंच. न केल्यास गळा दर धुण्याला थोडा रुंदावतो आणि कपडा पाठीकडे सरकतो.

पुन्हा धुऊन टॉवेलवर आडवं वाळवल्यावर मुंढा २०, अंग ३५, बाही ४३, अर्ध्या सेंटिमीटरच्या फरकाने. पट्टी घेराच्या रेषेत सरळ. उरलेल्या लोकरीचा एक छोटा गुंडा काकूंनी बटणांच्या डबीत ठेवला, कोपर झिजलं तर लागेल म्हणून. मुलीसाठी चिठ्ठीही लिहून घेतली: पिळायचं नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं, आडवं वाळवायचं, कपाटात घडी घालून ठेवायचं, हँगरला लावायचं नाही.