कॉटेज पाय आणि पुरणयंत्र

ज्या रेसिपीवर ‘सोपी, चाळीस मिनिटांत तयार’ असं लिहिलेलं असतं, तिच्यावर माझा आता काडीचा विश्वास उरलेला नाही. चाळीस मिनिटांत माझे बटाटेसुद्धा सोलून होत नाहीत.

आम्ही इंग्लंडात, रेडिंगला राहतो. लेकीला शाळेच्या जेवणात कॉटेज पाय मिळतो, म्हणजे खिम्यावर कुस्करलेल्या बटाट्याचा, मॅशचा, थर देऊन ओव्हनमध्ये भाजलेला पदार्थ, आणि तो तिला भारी आवडतो. सासूबाई साताऱ्याहून आलेल्या, रविवारी दीर-जाऊ मुलांना घेऊन जेवायला येणार होते. लेकीनं परस्पर जाहीर केलं, आजीला कॉटेज पाय खायला घालायचा.

“कुणाचा पाय?” आजीनं विचारलं.

आमच्याकडे बीफ चालत नाही, म्हणून मी लँबचा खिमा आणला. त्यावर लेक म्हणाली, मग तो शेफर्ड्स पाय झाला, कॉटेज पाय बीफचा असतो. आजच्या हिशेबानं तिचं बरोबर आहे. पण कॉटेज पाय हे नाव १७९१ सालापासून सापडतं, शेफर्ड्स पाय १८५४ पासून, आणि नंतरही कितीतरी वर्षं लोक मांस न बघता दोन्ही नावं वापरायचे, हे मी तिला ऐकवलं. तिला पटलं नाही ते नाहीच.

खिम्याचं काही अवघड नाही, खिमा आपल्याला येतोच. दोन कांदे, दोन गाजरं, सेलरीचा एक दांडा बारीक चिरून परतायचं. अर्धा किलो खिमा कोरडा होईपर्यंत भाजायचा, चमचाभर मैदा, चमचाभर टोमॅटो प्युरी, तीनशे मिली स्टॉक, थाइम, वुस्टर सॉस. अर्धा तास मंद आचेवर. आलं-लसणाची बरणी उघडायचा मोह मी आवरला, त्याचं श्रेय मला कुणीच दिलं नाही.

घोडं अडलं ते बटाट्यापाशी.

आदल्या आठवड्यात एकदा करून बघितलं होतं. घरात शार्लट जातीचे बटाटे होते. ते उकडले, हँड ब्लेंडर घातला आणि अर्ध्या मिनिटात भांड्यात डिंक तयार! चमचा उचलला की मागोमाग तार. तेव्हा दोन गोष्टी कळल्या. शार्लट चिकट जातीचा बटाटा, तो सॅलडचा. मॅशला पिठूळ बटाटा लागतो, मेरिस पायपर नाहीतर किंग एडवर्ड. आणि ब्लेंडरची पाती बटाट्यातल्या पेशी फोडतात, आतला स्टार्च बाहेर येतो, त्याचीच खळ होते. बटाट्याला मिक्सर लावायचा नाही, कधीच नाही. ‘मॅश करा’ एवढंच लिहून मोकळं होणाऱ्या रेसिपीनं हे सांगायला नको?

रविवारी एक किलो मेरिस पायपर आणले. आता हुशारी म्हणून, लवकर शिजावेत म्हणून, अगदी छोट्या फोडी केल्या. त्या पाणी पिऊन फुगल्या. पावभाजीच्या मॅशरनं ठेचल्या, वर फ्रीजमधलं गार दूध घातलं, आणि झालं काय, तर पिठलं. शिवाय गुठळ्यांचं. घाईघाईत त्यातलं डावभर गरम खिम्यावर टाकून बघितलं, तर ते सरळ बुडालं. साडेपाच वाजलेले, पाहुणे सातला येणार. मी सिंकपाशी उभी राहून त्या रेसिपीवाल्याचा मनात उद्धार करत होते.

सासूबाई मागे येऊन उभ्या. भांड्यात डोकावल्या. “अगं, कट काढला नाहीस का नीट? पुरण असं सैल असतं का?”

त्यांनी ते सगळं जाड बुडाच्या भांड्यात ओतलं आणि मंद आचेवर हलवत बसल्या. वाफ निघत राहिली. पंधराएक मिनिटांनी मध्यभागी उलथनं रोवलं, ते पडलं. आणखी पाच मिनिटांनी पुन्हा रोवलं, ते उभं राहिलं. मग फक्त होळीला कपाटातून निघणारं माझं पुरणयंत्र मागितलं आणि गरम गरम बटाटा त्यातून फिरवला. खालच्या ताटात मऊ, हलका कीस पडत गेला, एकही गुठळी नाही. यात ब्लेंडरसारखी चिरफाड होत नाही, बटाटा नुसता भोकांतून दाबला जातो. इथले लोक याच कामासाठी पोटॅटो रायसर नावाचं वेगळं यंत्र विकत घेतात. मी घेणार नाही.

आधी पन्नास ग्रॅम लोणी, नंतर दूध. तेही गरम करून आणि जपून, कारण बटाट्यानं आधीच भरपूर पिऊन घेतलं होतं. तुम्ही करणार असाल तर मुळात फोडी मोठ्या ठेवा, गार मिठाच्या पाण्यात शिजायला लावा, आणि निथळल्यावर त्याच गरम भांड्यात दोन-तीन मिनिटं झाकण न ठेवता सुकू द्या. एवढं केलं असतं तर माझा तास वाचला असता.

हो, खिमा आधी पसरट भांड्यात घालून निवू द्यायचा, म्हणजे वरचा थर बुडत नाही. बटाटा कडेकडेनं आधी लावायचा, मध्ये शेवटी. मग काट्यानं रेघा, त्यांचे उंचवटेच कुरकुरीत होतात. ओव्हन २०० वर, फॅनचा असेल तर १८०, अर्धा तास. खाली ट्रे ठेवा. मी ठेवला नव्हता, ओव्हनचा तळ सोमवारी घासला.

आणि कुणी शाकाहारी जेवायला असेल तर नुसता खिमा बदलून भागत नाही, नेहमीच्या वुस्टर सॉसमध्ये अँकोव्ही मासे असतात, बाटलीवर वाचून घ्या.

पाहुणे सव्वासातला आले, पाय आठला टेबलावर. दिरांनी ठेचा मागितला, मी दिला. सासूबाईंनी दोनदा घेतलं आणि जावेला सांगितलं, “खिमा हिनं केलाय.” भांड्याच्या कडेला करपून चिकटलेली खरवड मात्र लेकीनं कुणाला दिली नाही.