आरव्हीवर सोलर बसवलं, माझा अनुभव

आम्ही अमेरिकेत ॲरिझोनात राहतो, आरव्ही म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, आमचा ट्रेलर सेकंडहँड घेतलेला. इकडे बीएलएमच्या (केंद्र सरकारचं जमीन सांभाळणारं खातं) सरकारी जमिनीवर बऱ्याच ठिकाणी १४ दिवसांपर्यंत फुकटात मुक्काम करता येतो, पण लाइट नाही, नळ नाही, आणि जनरेटर लावला की आजूबाजूचे वळून वळून बघतात, म्हणून सोलर.

सगळे आधी विचारतात पॅनल किती लावले. ते नंतर हो, आधी रात्रीत काय काय चालतं ते कागदावर मांडा. थंडीत सगळ्यात खादाड हीटर, म्हणजे जळतो गॅसवर पण पंखा बॅटरीवर, सात-आठ अँपिअर ओढतो आणि रात्रभर चालू-बंद चालू-बंद. त्या हिशोबाने १०० अँपिअर-अवरच्या दोन लिथियम बॅटऱ्या घेतल्या, मिळून अडीच युनिट धरा. त्या बाहेरच्या डब्यात नाही ठेवल्या, बेडखाली ठेवल्या, कारण शून्य डिग्रीखाली लिथियम चार्ज करायची नसते आणि वाळवंटातली पहाट काय असते ते इथे राहणाऱ्यालाच माहीत.

पॅनल चार, १०० वॅटचे. चारही सिरीजमध्ये जोडले तर ८८ व्होल्टच्या आसपास जातात, कंट्रोलर (पॅनलमधून बॅटरीत जाणारी वीज सांभाळणारा डबा) १०० व्होल्टचा, वाटतं बसेल की, पण गारठ्यात पॅनलचं व्होल्टेज अजून चढतं, म्हणून दोन-दोनच्या जोड्या केल्या आणि त्या पॅरलल. छतावरच्या एसीच्या डब्याची सावली पॅनलवर पडू नये म्हणून ती कुठपर्यंत येते ते आधी खडूने आखून घेतलं.

खरा वैताग वायरिंगचा. वायरसाठी छताला नवीन भोक पाडायला मन होईना, मग फ्रिजच्या व्हेंटमधून वायर खाली सोडली, नवरा वरून ढकलतोय आणि मी आत टॉर्च तोंडात धरून ओढतेय. पॅनलच्या स्क्रूंवर सीलंट मात्र भरपूर ओता, तिथे कंजूषी नको. जोडताना कंट्रोलरला आधी बॅटरी, मग पॅनल, तोपर्यंत पॅनलवर चादर टाकलेली बरी. आणि २००० वॅटचा इन्व्हर्टर १२ व्होल्टवर पावणेदोनशे अँपिअर घेतो, त्याला अंगठ्याएवढी जाड केबल आणि बॅटरीजवळच फ्यूज हवाच, यात जुगाड अजिबात चालत नाही.

आता मिक्सरवर चटणी होते, लॅपटॉप चालतात, फ्रिज तर चालूच. एसी नाही चालत यावर, तापायला लागलं की आम्ही सरळ डोंगरातल्या थंड फ्लॅगस्टाफकडे वर निघतो.