लुटेरामधलं ते खोटं पान

लुटेराचा विषय निघाला की लोक डलहौसीचा बर्फ, अमित त्रिवेदीची गाणी आणि सोनाक्षीच्या साड्या एवढ्यावर येऊन थांबतात, आणि ते सगळं सुंदर आहेच, पण मला त्या पिक्चरमधली सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे त्यातल्या भामट्या हिरोला, रणवीर सिंगच्या वरुणला, चित्र काढता येत नाही. खरंच येत नाही. बाकी सगळं येतं त्याला. बंगालमधल्या माणिकपूरला येतो तो पुरातत्त्व खात्याचा माणूस बनून, जमीनदारबाबूंशी बोलणं कसलं अदबीचं, शिक्षण खोटं, नोकरी खोटी, आणि त्यांच्या मुलीला, म्हणजे सोनाक्षीच्या पाखीला, पेंटिंग शिकवायला बसतो तर साधं पान काढता येईना. शेवटी तीच त्याला शिकवते. त्या हवेलीत तो जे जे करतो त्यात तेवढं एकच खरं आहे, त्याचं न येणं. पाखी तिथेच त्याच्यात अडकते असं मला वाटतं.

२०१३ च्या जुलैत आला हा, विक्रमादित्य मोटवानेचा. मूळ गोष्ट ओ. हेन्रीची, द लास्ट लीफ, पण त्यात भामटाही नाही आणि प्रेमही नाही, आजारी मुलगी आहे आणि खालच्या मजल्यावरचा एक म्हातारा चित्रकार आहे. इंटरव्हलच्या आधीचा सगळा बंगाल मोटवानेने नव्याने उभा केलाय. आणि काळ काय निवडलाय, १९५३! जमीनदारी जाणार हे ठरलेलं, मोठ्या घरांत पिढ्यान्‌पिढ्यांच्या वस्तू विकायची वेळ आलेली, आणि नेमक्या अशा वेळी एक सज्जन दिसणारा मुलगा दारात येतो. लुबाडणारा आत शिरतो तो असा, घर आधीच खिळखिळं झालेलं असतं म्हणून. हवेलीचं शूटिंग हुगळी जिल्ह्यातल्या इटाचुना राजबाडीत झालंय, आणि ती वास्तू बघतानाच कळतं की आता हे फार दिवस टिकायचं नाही.

मागच्या पावसाळ्यात आईला दाखवला, आमच्या ठाण्याच्या घरी, बाहेर धो धो पाऊस. तिला वरुणचं काहीच पडलं नव्हतं. साखरपुड्याच्या दिवशी तो पळतो, देवळातल्या मूर्ती गेलेल्या, हातात आलेल्या नोटा खोट्या, तेव्हा ती म्हणाली, "पोरीला फसवलं ते फसवलंच गं, पण त्या बापाचा जीव घेतला मेल्याने." आणि बरोबर आहे तिचं. बरुण चंदांनी तो बाप असा काही केलाय की त्यांचा चेहरा बघवत नाही. सुरुवातीला तेच पाखीला त्या भिल्ल राजाची गोष्ट सांगतात ना, ज्याचा जीव पोपटात असतो. आपल्याकडे लहानपणी राक्षसाची ऐकलेली असते तीच. बाप म्हणतो माझा जीव तुझ्यात, आणि पुढे टीबी झालेली पाखी डलहौसीला खिडकीतून झाड बघत बसते तेव्हा तिने आपला जीव त्या झाडाच्या पानात ठेवलेला असतो, शेवटचं पान गळलं की मी पण गेले.

मग पोलिसांपासून लपत तिथेच येऊन पडलेला वरुण काय करतो, तर पान रंगवतो आणि रात्री बर्फात झाडावर चढून बांधतो. मैत्रिणीशी यावरून तलावपाळीला फेऱ्या मारता मारता जोरदार भांडण झालं. ती म्हणते तो सुधारला. मला नाही वाटत. तो शेवटपर्यंत भामटाच आहे, हीसुद्धा फसवणूकच आहे, फक्त या वेळी पहिल्यांदा त्यात त्याचा स्वतःचा काडीचा फायदा नाहीये, पोलीस मागावर असताना पळून जायचं सोडून तो पान बांधत बसलाय. आणि पाखीला ते खोटं आहे हे कळतं आणि ती हसते! ज्या माणसाच्या खोटेपणाने तिचं सगळं गेलं त्याचं हे खोटं मात्र तिला चालतं. एका एक्स्प्रेशनमध्ये माफी दाखवलीय सोनाक्षीने, तिचं इतकं चांगलं काम मी दुसरीकडे कुठे बघितलं नाही.

पिक्चरला पुढच्याच आठवड्यात समोर भाग मिल्खा भाग आला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राम-लीला, मग लोकांना तोच धमाल रणवीर लक्षात राहिला. पण इथला गप्प, खाली मान घालून बोलणारा रणवीर बघाच. आणि हेडफोन लावून बघा, कारण दोघं कितीतरी सीनमध्ये नुसती कुजबुजतात, आणि पंख्याच्या आवाजात निम्मं ऐकूच येत नाही.